आधी मूल पोचले तर

एकाच गावातून परागंदा झालेली दोन कुटुंबे डोळ्यांसमोर आणावीत. पहिल्या कुटुंबातला बाप पुढे निघतो, वाटेतले हाल सोसून ब्रिटनला पोचतो, आश्रय मागतो आणि त्याला निर्वासित म्हणून मान्यता मिळते. दुसऱ्या कुटुंबातला बाप मारला गेलेला आहे किंवा तुरुंगात आहे, म्हणून पंधरा वर्षांचा मुलगा पुढे निघतो, तेच हाल सोसतो, त्याच देशात पोचतो आणि त्यालाही तीच मान्यता मिळते. पहिल्या कुटुंबातल्या बापाला आपली बायको आणि अठरा वर्षांखालची मुले बोलावून घेण्याची मुभा ब्रिटनच्या नियमांनी कित्येक वर्षे दिलेली होती. त्यासाठी शुल्क नव्हते, उत्पन्नाची अट नव्हती, इंग्रजीची परीक्षाही नव्हती. दुसऱ्या कुटुंबातल्या मुलाला मात्र आपल्या आईला किंवा धाकट्या बहिणीला बोलावता येईल, असा एकही नियम त्या देशात नव्हता आणि आजही नाही. दोघांवर कोसळलेले संकट एकच होते आणि दोघांना संरक्षण देणारा आंतरराष्ट्रीय करारही एकच होता. घरातले कोण आधी पोचले, एवढ्यावरून एका कुटुंबाची भेट झाली आणि दुसरे कायमचे दुभंगले.

हा भेद अन्यायाचा आहे आणि निर्वासित म्हणून मान्यता मिळालेल्या मुलाला आपले आईवडील व अल्पवयीन भावंडे बोलावण्याचा स्पष्ट, लेखी हक्क मिळाला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. ते आत्ताच मांडण्यास एक कारण आहे. ४ सप्टेंबर २०२५ पासून ब्रिटिश सरकारने प्रौढ निर्वासितांसाठीचा हा मार्गही नव्या अर्जांना बंद केला आणि त्यांना सर्वसामान्य कौटुंबिक व्हिसाकडे वळवले, ज्यात वर्षाला २९ हजार पौंड उत्पन्नाची अट आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जाहीर झालेल्या धोरणात निर्वासिताला कुटुंब आणण्याचा हक्क यापुढे आपोआप मिळणार नाही, असेही सांगण्यात आले. जर्मनीनेही जुलै २०२५ पासून दुय्यम दर्जाचे संरक्षण मिळालेल्यांसाठी (म्हणजे पूर्ण निर्वासित दर्जा न मिळालेल्यांसाठी) कुटुंब-एकत्रीकरण दोन वर्षे थांबवले आहे. बाप आणि मुलगा यांच्यातला भेद मिटवण्याचा हा भलताच मार्ग झाला: ज्याला नव्हते त्याला देण्याऐवजी ज्याला होते त्याचेही काढून घेतले. त्या मार्गाने येणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया आणि मुले होती, हे लक्षात घेतले म्हणजे तो बंद झाल्याने नेमके कोण मागे राहिले ते कळते.

मुलाला हा हक्क का नाही, याचे मूळ कुटुंबाच्या एका जुन्या कल्पनेत आहे. कुटुंबाला एक कर्ता असतो, तो पुढे जातो, जम बसवतो आणि मग घरच्यांना बोलावतो, असे कायदा गृहीत धरतो. आपल्याकडे कोकणातला चाकरमानी आधी एकटा मुंबईत गिरणीत लागायचा आणि खोलीची सोय झाली की बिऱ्हाड आणायचा. निर्वासितविषयक कायदे करणाऱ्यांच्या मनातले चित्र याहून फारसे वेगळे नव्हते. १९५१ चा निर्वासितविषयक करार ज्या परिषदेत संमत झाला, तिने कुटुंबाचे ऐक्य राखण्याची शिफारस सरकारांना केली होती, पण तीही विशेषतः कुटुंबप्रमुखाला मान्यता मिळालेली असेल तेव्हा. सोबतीला कुणी नसलेल्या मुलांच्या संरक्षणाचा उल्लेख त्याच शिफारशीत निराळा आहे. म्हणजे एकटे मूल परिषदेला दिसले होते. ते मूलच आपल्या कुटुंबासाठी अर्ज करील, हे तिला सुचले नव्हते. १९५१ साली ते समजण्यासारखे होते. पण १९८९ च्या बालहक्क करारानंतर ही सबब उरत नाही. त्या कराराच्या दहाव्या कलमात, मुलाने किंवा त्याच्या आईवडिलांनी कुटुंब एकत्र यावे म्हणून केलेला अर्ज सरकारने सकारात्मक, माणुसकीच्या आणि तत्पर रीतीने हाताळावा, असे म्हटले आहे. ‘मुलाने’ हा शब्द तिथे आधी येतो. बाविसावे कलम आणखी पुढे जाऊन निर्वासित मुलाच्या आईवडिलांचा शोध घेण्यास सरकारांनी साह्य करावे, असे सांगते. ब्रिटनने हा करार १९९१ मध्ये मान्य केला तेव्हा परदेशातून येणाऱ्या मुलांबाबत हात राखून ठेवला होता; ती अट २००८ मध्ये मागे घेण्यात आली. आईचा पत्ता शोधून द्यायला मदत करायची आणि पत्ता सापडल्यावर तिला येऊ द्यायचे नाही, ही विसंगती तेव्हापासून अधिकृतपणे चालू आहे.

मुळात मुले आधी का निघतात, हा प्रश्न सुखवस्तू देशांतल्या वादचर्चेत फार थोड्या वेळा प्रामाणिकपणे विचारला जातो. इरिट्रियात शाळेचे शेवटचे वर्ष सावा येथील लष्करी छावणीत काढावे लागते आणि तिथून पुढे सुरू होणाऱ्या सक्तीच्या राष्ट्रीय सेवेला मुदत नसते. ती वर्षानुवर्षे चालते. त्यामुळे मूल सोळा-सतरा वर्षांचे होण्याआधी सीमेपलीकडे गेले तर गेले, हे तिथल्या प्रत्येक आईला ठाऊक असते. अफगाणिस्तानात परदेशी सैन्याबरोबर काम केलेल्या बापाचा सूड मोठ्या मुलावर उगवला जाईल, ही भीती असते, आणि सगळ्यांच्या प्रवासाचे पैसे कोणाकडेच नसल्यामुळे ज्याच्या जिवाला सर्वांत जास्त धोका त्याच्यासाठी घर किंवा जमीन विकली जाते. कित्येक मुले एकटी निघतही नाहीत. ती इराण आणि तुर्कस्तानच्या सीमेवर गोळीबार झाला तेव्हा, किंवा लिबियाच्या किनाऱ्यावर दलालांनी माणसे वेगवेगळ्या बोटींत कोंबली तेव्हा, आईपासून तुटलेली असतात. आईवडिलांनी मुलाला ‘पाठवले’ हे वाक्य बोलायला सोपे आहे. पाठवण्यामागे निवड करण्याइतकी मोकळीक होती, असे त्यात गृहीत धरलेले असते, आणि बहुतेक वेळा ते खोटे असते.

पोचल्यानंतर काय होते, तेही जवळून पाहायला हवे. ज्या देशांत जन्माची नोंद ठेवली जात नाही तिथून आलेल्या मुलाला आपली जन्मतारीख सांगता येत नाही, म्हणून कागदावर अनेकदा १ जानेवारी लिहिली जाते. वयाबद्दल शंका आली तर समाजसेवक त्याची मुलाखत घेऊन वय ठरवतात. मग त्याची रवानगी एखाद्या पालक-कुटुंबात किंवा सोळा वर्षांवरील मुलांच्या वसतिगृहवजा घरात होते. तो शाळेत जातो, इंग्रजी शिकतो आणि फोनची वाट पाहतो, कारण आई सुदानमधल्या किंवा इथिओपियातल्या एखाद्या छावणीत असते आणि तिचा नंबर दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो. नंबर हरवला तर रेडक्रॉसच्या शोधसेवेत आईचे नाव नोंदवतो. आश्रयाच्या निर्णयाला वर्ष-दीड वर्ष लागते आणि तेवढ्यात कागदावरची ती १ जानेवारी पुन्हा येते. अठरा पूर्ण झाले की कायद्याच्या दृष्टीने तो मूल राहत नाही.

या मधल्या काळात मुलांवर नजर ठेवणारे घरचे कोणी नसते, याचा अर्थ काय होतो हे ब्रिटनने नुकतेच अनुभवले आहे. २०२१ पासून गृहखात्याने एकट्या आलेल्या मुलांना हॉटेलांत ठेवायला सुरुवात केली आणि त्यांतली चारशेहून अधिक मुले वेळोवेळी बेपत्ता झाली. जानेवारी २०२३ मध्ये खुद्द मंत्र्यांनी संसदेत सांगितले की दोनशे मुले अजून सापडलेली नाहीत. त्या वर्षी जुलैमध्ये उच्च न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली. गुन्हेगारी टोळ्या अशा मुलांच्या पाळतीवर असतात, हे पोलिसांना आधीपासून माहीत होते. ज्या मुलाची रात्री घरी येण्याची कोणी वाट पाहत नाही, ते मूल उचलणे सोपे जाते. आईला येऊ देणे हा या दृष्टीने दयेचा नव्हे, तर मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

सरकारचा आक्षेप एकच आहे आणि गेली अनेक वर्षे कोणत्याही पक्षाचे सरकार आले तरी तोच मांडला जातो. मुलांना हा हक्क दिला, तर आईवडील मुलांना मुद्दाम पुढे धाडतील, त्यांना जीवघेण्या प्रवासाला लावतील आणि मागाहून स्वतः येतील. तेव्हा मुलांच्या भल्यासाठीच हा हक्क नाकारला पाहिजे, असा तो युक्तिवाद आहे. तो वरवर पटण्याजोगा आहे आणि मांडणाऱ्यांत सगळेच दुष्ट हेतूचे असतात असेही नाही, म्हणून तो तपासून पाहिला पाहिजे. तपासण्याची सोयही आहे, कारण शेजारच्या देशांत हा हक्क अस्तित्वात आहे. युरोपीय संघाच्या २००३ च्या कुटुंब-एकत्रीकरणाच्या निर्देशानुसार सोबतीविना आलेल्या आणि निर्वासित ठरलेल्या मुलाला आपले आईवडील आणण्याचा हक्क सदस्य देशांनी द्यायचा असतो. ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क हे तीन देश त्यातून बाहेर राहिले होते. त्यांपैकी आयर्लंडने पुढे २०१५ च्या आपल्या कायद्यात मुलाला आईवडील आणि त्यांची अठरा वर्षांखालची इतर मुले बोलावण्याची तरतूद स्वतःहून केली. सरकारचा युक्तिवाद खरा असता तर हा हक्क देणाऱ्या देशांत मागाहून कुटुंब आणण्यासाठी मुलांना जहाजाच्या ‘नांगरा’सारखे पुढे टाकल्याचे पुरावे दिसायला हवे होते. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या युरोपीय संघविषयक समितीने जुलै २०१६ च्या अहवालात नेमका हाच प्रश्न विचारला आणि असा पुरावा आढळला नाही, असा स्पष्ट निष्कर्ष काढला.

पुराव्याची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली तरी या युक्तिवादात एक नैतिक दोष उरतो, आणि मला तो अधिक गंभीर वाटतो. जो मुलगा आलेला आहे, ज्याची कहाणी तपासून सरकारने स्वतःच खरी मानली आहे, त्याला शिक्षा दिली जाते ती दुसऱ्या एखाद्या न निघालेल्या मुलाला धाक बसावा म्हणून. त्याचे दुःख हे धोरणाचे साधन बनते. एकाच्या पाठीवरचे वळ दुसऱ्याला दाखवून शिस्त लावण्याची रीत आपण शाळांतूनही हद्दपार केली. मुलाचे कल्याण हाच हेतू असेल, तर कोणत्या मुलाचे, हे सांगितले पाहिजे. २००९ च्या ब्रिटिश कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमाने गृहखात्यावर देशातल्या मुलांचे कल्याण जपण्याचे बंधन घातले आहे, आणि हे मूल त्या देशातच आहे.

आईवडील नसले आणि दुसरे नातेवाईक आधीच तिथे असले, तरी वाट सोपी नसते. आश्रयाचा अर्ज कोणत्या देशाने हाताळायचा हे ठरवणाऱ्या युरोपीय संघाच्या डब्लिन नियमावलीत ब्रिटन होता तोवर फ्रान्समध्ये अडकलेल्या मुलाला ब्रिटनमधल्या भावाकडे, बहिणीकडे, मावशी, काका किंवा आजी-आजोबांकडे पाठवण्याची कायदेशीर तरतूद होती. ती कागदावर होती. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कॅले येथील छावणीत, जिथून निरभ्र दिवशी इंग्लंडचा किनारा दिसतो, मुले चिखलात तंबू टाकून राहत होती आणि त्यांचे अर्ज हलवणारी यंत्रणाच दोन्ही देशांनी उभी केली नव्हती. अखेर जानेवारी २०१६ मध्ये काही वकील आणि स्वयंसेवक तीन सीरियन मुले आणि त्यांच्यातल्या एकाचा मानसिक आजार असलेला मोठा भाऊ यांच्यासाठी लंडनच्या न्यायाधिकरणात गेले, आणि त्यांना ब्रिटनमधल्या भावंडांकडे ताबडतोब येऊ द्यावे असा आदेश मिळाला. पुढे वरच्या न्यायालयाने, आधी फ्रान्समधली प्रक्रिया वापरून पाहायला हवी असे म्हणून त्या निर्णयाची व्याप्ती आवळली. पण दार ठोठावता येते, हे त्या खटल्याने दाखवून दिले होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये छावणी पाडायला घेतली तेव्हा काही आठवड्यांत सातशेहून अधिक मुले ब्रिटनमध्ये आणली गेली आणि त्यांतली बहुसंख्य नातेवाइकांकडे गेली. वर्षभर जे अशक्य म्हणून सांगितले जात होते ते बुलडोझर आल्यावर शक्य झाले, ही गोष्ट मला कोणत्याही आकडेवारीपेक्षा बोलकी वाटते. त्या वर्षभरात त्याच रस्त्यांवर ट्रकमध्ये लपताना किंवा ट्रकवर चढताना मुलांचे जीव गेले होते.

३१ डिसेंबर २०२० नंतर ब्रेक्झिटमुळे ती तरतूदही संपली. तिच्या जागी नवा करार व्हावा असा आग्रह धरणारी दुरुस्ती लॉर्ड आल्फ डब्स यांनी जानेवारी २०२० मध्ये पुन्हा मांडली होती, ती सरकारने फेटाळली. डब्स यांचे नाव इथे योगायोगाने आलेले नाही. १९३२ मध्ये प्राग शहरात जन्मलेला हा मुलगा १९३९ मध्ये सहा वर्षांचा असताना, निकोलस विंटन यांनी प्रागहून ज्या ६६९ मुलांना बाहेर काढले त्यांच्यातला एक म्हणून लंडनला पोचला. नोव्हेंबर १९३८ च्या ज्यूविरोधी हिंसाचारानंतर अवघ्या नऊ महिन्यांत जर्मनी, ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकियातून सुमारे दहा हजार मुले ब्रिटनने आत घेतली. गळ्यात क्रमांकाची चिठ्ठी, हातात एक छोटी पेटी आणि खिशात जास्तीत जास्त दहा मार्क, एवढ्यावर ती निघाली. ब्रिटनला या उपक्रमाचा आजही अभिमान आहे आणि तो सार्थ आहे. पण त्याच्या अटी वाचल्या तर अंगावर काटा येतो. व्हिसाची सवलत मुलांपुरती होती. आईवडिलांना ती नव्हती. प्रत्येक मुलामागे पन्नास पौंडांची हमी मागितली जात होती, जेणेकरून पुढे त्याला दुसऱ्या देशी पाठवता यावे. स्टेशनवर निरोप द्यायला आलेल्या आईवडिलांतले बहुतेक त्या मुलांना पुन्हा दिसले नाहीत. डब्स यांचे नशीब थोडे वेगळे होते. वडील त्यांच्या आधीच लंडनला निसटले होते आणि आईलाही युद्ध पेटण्याआधी कसेबसे येता आले. आईवडील भेटणे म्हणजे काय आणि न भेटणे म्हणजे काय, हे दोन्ही त्यांनी आपल्या बरोबरच्या मुलांत पाहिलेले आहे. आपल्या मोठेपणाची साक्ष म्हणून मुलांची गाडी आठवायची आणि मागे फलाटावर राहिलेल्यांना व्हिसा कोणी नाकारला ते विसरायचे, असे इतिहासाचे वाचन त्यांच्यासारख्यांच्या आग्रहामुळेच त्या देशात अवघड झाले आहे. २०१६ च्या कायद्यात त्यांनी युरोपातल्या एकट्या मुलांसाठी घातलेल्या कलमाखाली तीन हजार मुले यावीत, अशी मूळ मागणी होती. सरकारने पुढच्या वर्षी आकडा ३५० वर आणला आणि नंतर ४८० केला.

या विषयाशी महाराष्ट्राचा एक खरा धागा आहे, आणि तो कोल्हापूरचा आहे. १९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधली लाखो माणसे सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केली. पुढे त्यांची सुटका झाली, पुरुष पोलिश जनरल अँडर्स यांच्या फौजेत भरती झाले, आणि कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात आलेल्या बायका-मुलांना भारत, पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड असे कुठे कुठे पाठवण्यात आले. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी अनाथ मुलांना आसरा दिला, आणि कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसांची वसाहत होती, बहुतेक स्त्रिया आणि मुले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता. घरातले बाप आणि भाऊ तिकडे इटलीत लढत होते. युद्ध संपल्यावर त्यांचा मुलूख सोव्हिएत संघात गेला होता, तेव्हा परतायला घर नव्हते. ब्रिटनने १९४७ मध्ये पोलिश सैनिकांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, एक लाखाहून अधिक पोलिश लोकांना ठेवून घेतले आणि सैनिकांच्या बायका-मुलांना जगभरच्या छावण्यांतून आणवले. त्यांत वळिवड्याहून निघालेली मुलेही होती. कित्येकांना आपल्या बापाचा चेहरा पाहून पाच-सहा वर्षे झाली होती. त्या वेळी ब्रिटनमध्ये अन्न शिधापत्रिकेवर मिळत होते आणि शहरे बाँबने उद्ध्वस्त झालेली होती. तरीही तीन-चार खंडांत विखुरलेली कुटुंबे शोधून, त्यांची नावे जुळवून, बोटीने एका ठिकाणी आणण्याचे काम त्या थकलेल्या सरकारने केले. आजच्या सरकारची साधने त्याच्या कितीतरी पट आहेत. (पोलिश लोक गेल्यावर रिकाम्या झालेल्या वळिवड्याच्या छावणीत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे राहू लागली, आज ज्याला आपण गांधीनगर म्हणतो आणि कापडखरेदीला जातो ते हेच.) आपल्या देशाने १९५१ च्या करारावर अजूनही सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे कायदाच नाही, त्यामुळे ब्रिटनला शहाणपण शिकवण्याच्या उंचीवर आपण उभे नाही. पण बालहक्क करार आपणही १९९२ मध्ये स्वीकारला आहे आणि वळिवडे आपले आहे. बोलण्याचा अधिकार तेवढ्याने मिळतो.

खर्चाचा आक्षेप मी थोडक्यात घेतो, कारण तो फार वेळ टिकत नाही. सोबतीविना आलेल्या मुलाचा सांभाळ करणाऱ्या स्थानिक परिषदेला ब्रिटनचे सरकार अनुदान देते, आणि ज्या परिषदांकडे अशी मुले जास्त आहेत त्यांना हा दर एका मुलामागे एका रात्रीला १४३ पौंड असा राहिला आहे. वर्षाचे बावन्न हजार पौंड होतात. आई आली, तर तिलाही काही काळ घर आणि आधार लागेल, हे खरे. पण मुलाला सांभाळायला सरकारला पगारी माणूस शोधावा लागणार नाही, आणि दोन-तीन वर्षांत ती स्वतः कमावू लागेल. अशी मुले मुळात किती, हेही पाहावे. २०२२ हे ब्रिटनसाठी अशा अर्जांचे मोठे वर्ष होते, तेव्हा एकट्या मुलांचे अर्ज पाच हजारांच्या आसपास होते. त्यांतल्या सगळ्यांना मान्यता मिळत नाही आणि मिळालेल्यांतल्या अनेकांचे आईवडील हयात नसतात किंवा सापडत नाहीत. उरलेल्यांसाठी दार उघडले तर देश बुडेल, असे गांभीर्याने म्हणता येत नाही.

याहून वजनदार आक्षेप वेगळे आहेत. ज्या बापाने मुलाला मारझोड केली किंवा मुलीचे लग्न बळजबरीने ठरवले, त्याला तिच्या मागे येऊ द्यायचे काय? मुळीच नाही, आणि म्हणूनच हा हक्क आईवडिलांचा नव्हे तर मुलाचा असला पाहिजे. अर्ज मूल करील, त्याच्या वतीने नेमलेला स्वतंत्र पालक आणि समाजसेवक त्याच्याशी एकांतात बोलतील, आणि मुलाला नको असेल तर प्रश्न तिथेच मिटेल. खोटी नाती दाखवली जातील, अशी भीतीही घातली जाते. मूल आणि आई यांचे नाते डीएनए चाचणीने जितके निश्चित ठरते तितके या सगळ्या व्यवस्थेत दुसरे काहीच ठरत नाही.

लंडन, लेस्टर किंवा मिल्टन कीन्समध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना कुटुंबाच्या व्हिसाची कडू चव माहीत आहे. २०१२ नंतर वृद्ध आईवडिलांना कायमचे आणणे जवळजवळ अशक्य झाले, ही त्यांच्या घरोघरची व्यथा आहे. त्यामुळे काही जण मला विचारतील, की आम्हाला जे मिळत नाही ते निर्वासितांच्या मुलांना का मिळावे? माझे उत्तर असे की पुण्यातली आई आजारी पडली तर मुलगा विमानाने दुसऱ्या दिवशी तिच्या उशाशी असतो. निर्वासिताच्या प्रवासाच्या कागदपत्रावर मायदेश वगळून सर्व देश, असे लिहिलेले असते, आणि तो परत गेलाच, तर त्याचे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. कुटुंब एकत्र यावे यासाठी जगात त्या दोघांना उरलेली जागा एकच आहे, आणि ती मुलगा जिथे आहे तिथे आहे. आणि तो मुलगा चाळीस वर्षांचा नोकरदार नाही, सोळा वर्षांचा आहे.

नियमांत नसले तरी अपवाद म्हणून अशा आयांना व्हिसा देता येतो, असे गृहखाते म्हणते. हे खरे आहे, आणि तेवढेच पुरेसे का नाही तेही एका खटल्यातून दिसते. २०१६ मध्ये इरिट्रियाच्या एका बालनिर्वासिताची आई आणि भाऊ यांना प्रवेश नाकारल्याने कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग होतो, असा निर्णय वरिष्ठ न्यायाधिकरणाने दिला. पण तिथपर्यंत जायला आधी अर्ज, मग नकार, मग अपील आणि मग पुन्हा अपील असा प्रवास करावा लागला. २०१२ च्या कायद्याने कुटुंब-एकत्रीकरणाच्या प्रकरणांतली सरकारी कायदेमदत काढून घेतल्यानंतर हा प्रवास किती मुलांना परवडला असेल? हक्क असता तर मूल अर्ज करते. अपवाद आहे म्हणून त्याला आधी वकील शोधावा लागतो आणि आपले दुःख इतरांच्या दुःखापेक्षा असाधारण आहे, हे सिद्ध करावे लागते.

तेव्हा नियमात काय असावे, हे सांगणे अवघड नाही. निर्वासित ठरलेल्या मुलाला आईवडील आणि अठरा वर्षांखालची भावंडे बोलावता यावीत. भावंडांचा उल्लेख वेगळा हवा, नाहीतर आईपुढे एका मुलाकडे जाण्यासाठी दुसऱ्याला छावणीत सोडण्याचा पर्याय ठेवला जाईल. वय मोजायचे ते आश्रयाचा अर्ज केला त्या दिवशीचे; युरोपीय संघाच्या न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या एका इरिट्रियन मुलीच्या प्रकरणात हेच तत्त्व मान्य केले, कारण सरकारी दिरंगाईने मुलाचे वय वाढले म्हणून त्याचा हक्क संपावा, हे त्या न्यायालयाला पटले नाही. आणि प्रक्रियाही माणसाला जमेल अशी हवी. आज ज्या अफगाण आईला व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायचे आहेत तिच्या देशात ब्रिटनचे व्हिसा केंद्र नाही. तिला सीमा ओलांडून पाकिस्तानासारख्या शेजारच्या देशात जावे लागते, त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागतो, सोबत पुरुष नातेवाईक लागतो, आणि तिथे गेल्यावर मान्यताप्राप्त दवाखान्यातून क्षयरोगाच्या तपासणीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, ज्याची मुदत सहा महिन्यांत संपते. निर्णयाला सहा महिन्यांहून जास्त लागले की तपासणी पुन्हा. ठसे पोचल्यावर घेता येतात. प्रवेशाचे तात्पुरते पत्र आधी देता येते.

यांतले बरेचसे आधीच मसुद्यात उतरलेले आहे. मुलांना आईवडील बोलावण्याचा हक्क देणारे एक खासगी विधेयक १६ मार्च २०१८ रोजी ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहात १२९ विरुद्ध ४२ मतांनी दुसऱ्या वाचनात मंजूर झाले होते. बहुमत होते, पण पुढच्या टप्प्यासाठी लागणारा आर्थिक ठराव सरकारने मांडलाच नाही आणि विधेयक कालबाह्य झाले. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये तशाच आशयाची विधेयके त्याआधी आणि नंतरही आली. आता सप्टेंबर २०२५ ची स्थगिती उठवून नवे नियम लिहायचे असतील, तर त्यांत अर्जदार म्हणून मुलाचा रकाना घालायला नवा अभ्यास करावा लागणार नाही. २०१८ च्या विधेयकातले ते कलम तसेच्या तसे उचलता येईल.